अमेरिकेच्या व्हिसाचा फोटो: स्टुडिओत जाण्याआधी

स्टुडिओत नुसतं ‘पासपोर्ट साइज’ सांगू नका, उभा फोटो हातात पडेल. डीएस-१६० फॉर्मला, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाला, चौरस फोटो लागतो: कमीत कमी ६०० बाय ६०० आणि जास्तीत जास्त १२०० बाय १२०० पिक्सेल, जेपेग फाइल, २४० केबीच्या आत. हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंतचा भाग फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के हवा. फोटो सहा महिन्यांच्या आतलाच.

चष्मा काढायचाच, २०१६ च्या नोव्हेंबरपासून तो चालत नाही. माझ्या आईला चष्म्याशिवाय फोटो म्हणजे परक्याचा वाटत होता, पण इलाज नाही.

घरी काढणार असाल तर भिंतीला टेकू नका, दोन-तीन फूट पुढे उभे राहा आणि तोंड खिडकीकडे करा. आईच्या पहिल्या फोटोत कानामागे ट्यूबलाइटची काळी सावली पडली होती. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा सदरा नको, खांदे विरून जातात. मोबाइलचा ब्युटी मोड आठवणीने बंद करा. चेहरा गुळगुळीत केलेला फोटो नाकारतात. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवा, नाहीतर पिक्सेल घटतात.