तोंड आलंय की आणखी काही? आरशासमोर पाच मिनिटांची तपासणी

तोंड आलं की घराघरात ठरलेले उपाय सुरू होतात. बी-कॉम्प्लेक्सची गोळी, ग्लिसरीन, जाईची पानं चघळणं, 'उष्णता वाढली असेल' म्हणून ताक आणि सब्जा. साधा फोड आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत जातो आणि श्रेय जाईच्या पानांना मिळतं. मिळू दे. गोची होते ती न जाणाऱ्या फोडाची, कारण त्याच्यावरही हेच उपाय तीन-तीन महिने चालू राहतात.

असा फोड कधी कधी तोंडाच्या कॅन्सरची सुरुवात असतो. हा कॅन्सर डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी हजारो लोकांची तोंडं नुसत्या नजरेने तपासली. २००५ साली निष्कर्ष आले तेव्हा तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले. घरची तपासणी प्रशिक्षित नजरेची जागा घेत नाही. पण संशयाची जागा वेळेत सापडायला तिचा उपयोग होतो.

तंबाखू, गुटखा, मावा, विडी-सिगारेट, दारू यांपैकी काहीही असेल तर महिन्यातून एकदा तोंड तपासाच. मशेरी लावणाऱ्या बायका यातून हमखास निसटतात, कारण त्या स्वतःला तंबाखूवाल्यांत धरतच नाहीत. 'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच कॅन्सरकारक ठरवलं आहे.

तयारी. हात धुवा, खळखळून चूळ भरा, कवळी असेल तर काढून ठेवा. आरसा आणि मोबाईलची टॉर्च पुरे. टॉर्च दुसऱ्या कुणी धरली तर उत्तम.

आधी तोंड किती उघडतं ते पाहा. तर्जनी, मधलं आणि अनामिका ही स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घाला. साधारणपणे ती जायला हवीत. दोनच जात असतील, पाणीपुरीची पुरी हल्ली अख्खी तोंडात मावत नसेल, जरा तिखट लागलं की आग होत असेल, तर गाल आतून चाचपा. दोऱ्या ओढून बांधल्यासारखे ताठ पट्टे लागतात का? सुपारी-गुटख्याने होणारा हा आजार कॅन्सर नव्हे, पण त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. ऐन विशी-पंचविशीतली मुलंही यात सापडतात.

मग गाल आणि हिरड्या. इथे घाई करू नका. बोटाने गाल बाहेर ओढा आणि खालची हिरडी व गाल यांच्यामधली खाच नीट पाहा. तंबाखूचा बार जिथे धरायची सवय आहे, नेमकी तीच जागा. आपल्याकडे कॅन्सर बहुतेकदा तिथेच सुरू होतो. पांढरा चट्टा दिसला तर स्वच्छ कापडाने हलकेच पुसा. पुसून गेला नाही तर दाखवायला हवा. मखमलीसारखा लाल चट्टा त्याहून जास्त धोक्याचा. कडा उचललेला, बोटाला टणक लागणारा व्रण, सहज रक्त येणारी जागा, कारण नसताना हलू लागलेला दात, दाढ काढल्यावर न भरलेला खड्डा, हे सगळं याच यादीत.

जीभ. स्वच्छ रुमालात टोक धरून ती एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढा. कडा पाहा, बोटाने दाबून पाहा. नंतर टोक टाळूला लावून खालची बाजू. तुटक्या, धारदार दाताने जिभेला एकाच जागी सतत जखम होत असेल तर दंतवैद्याकडून दाताची धार घासून बोथट करून घ्या. तरी जखम भरली नाही तर ती डॉक्टरांकडून तपासून घ्या. टाळूवर एक नजर पुरे.

शेवटी मान. जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपा. कडक, न दुखणारी, वाढत जाणारी गाठ लक्षात ठेवा. गिळताना अडकणं, आवाज बसलेला राहणं, एकाच कानात ठणका ही लक्षणं घशाकडे बोट दाखवतात.

पहिल्यांदा तपासणारे काही गोष्टींना उगाच घाबरतात. जिभेच्या अगदी मागे ओळीने दिसणारे मोठे दाणे, जिभेखालच्या निळसर शिरा, गालावर दात जुळतात तिथली बारीक पांढरी रेघ आणि टाळूच्या मधोमध वर्षानुवर्षं असलेला हाडाचा उंचवटा, हे सगळं नैसर्गिक असतं.

संशयाची जागा दिसली तर त्याच दिवशी फोटो काढा. दोन आठवडे उलटूनही ती तिथेच असेल तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. लाल चट्टा किंवा टणक गाठ असेल तर तेवढंही थांबू नका. दुखत नाही म्हणजे साधंच असणार, हा हिशोब इथे उलटा पडतो: सुरुवातीला हा कॅन्सर बऱ्याचदा दुखतच नाही. पैशांची अडचण असेल तर सरकारी दंत महाविद्यालय किंवा जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिशीपुढच्यांची तोंडाची तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे.

डॉक्टर बहुधा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' हे ऐकून कित्येक जण इथूनच परत फिरतात आणि दोन-चार महिने घालवून बसतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. निदान झालंच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरचे उपचार आहेत; शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला, भेटा.

अहवालात कॅन्सर नाही, नुसता चट्टा आहे असं आलं तरी डॉक्टर सांगतील त्या तारखांना दाखवत राहा आणि तंबाखू-सुपारी त्याच दिवशी बंद करा. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं.