प्लायमध्ये खाचेचा सांधा करताना या चुका टाळा

पुस्तकांचे कपाट करताना आडवी फळी उभ्या फळीतील खाचेत डुगडुगू लागली, की नवशिका आपल्या हाताला दोष देतो. खरी चूक मात्र बहुधा करवत हाती घेण्याआधीच, प्लायवर छापलेल्या आकड्यावर विसंबल्यामुळे झालेली असते. १८ मिमी म्हणून घेतलेला प्लाय मोजल्यावर १७.४ मिमी भरला आणि खाच १८ मिमीच्या राऊटर बिटने (खाच पाडणाऱ्या यंत्राच्या फिरत्या पात्याने) एका फेरीत पाडलेली असली, तर ०.६ मिमीची फट ठरलेलीच. ती फेव्हिकॉलने भरून निघते असे वाटते, पण त्या जागी पकड येत नाही. म्हणून जी फळी बसवायची तीच व्हर्नियरने (जाडी अचूक मोजण्याच्या साधनाने) दोन-तीन ठिकाणी मोजावी, १२ मिमीचे बिट घेऊन दोन फेऱ्यांत खाच रुंद करावी आणि आधी टाकाऊ तुकड्यावर ती पडताळावी. फळी हाताच्या दाबाने आत सरकली पाहिजे. ठोकून बसवावी लागली तर सरस खरवडून बाहेर येतो.

खाच घट्ट झाल्यास फळी घासण्याचा मोह होतो, पण वरचा पापुद्रा अनेकदा अर्धा मिलिमीटरही जाड नसतो आणि पाहता पाहता खालचा थर उघडा पडतो. त्याऐवजी खाचच किंचित रुंद करावी. सैल झालेल्या सांध्यात भुशाचा लगदा भरण्यापेक्षा फळीच्या टोकाला व्हिनियरची (लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) पट्टी चिकटवून जाडी वाढवणे केव्हाही बरे.

लाकडाच्या तंतूंच्या रेषांना आडवे कापताना कड झडते. त्यासाठी कापण्याच्या रेषेवर आधी धारदार सुरीने चर पाडावी. हातातल्या सर्क्युलर सॉचे (गोल पात्याच्या करवतीचे) दाते खालून वर येत कापतात, म्हणून दर्शनी बाजू खाली ठेवावी. टेबलात बसवलेल्या करवतीवर, म्हणजे टेबल सॉवर, नेमके उलट.

खाचेची खोली १८ मिमीच्या प्लायमध्ये ६ मिमी पुरते. दोन्ही उभ्या फळ्या शेजारी ठेवून, एकाच पट्टीच्या आधाराने खाच पाडावी, म्हणजे फळी तिरकी बसत नाही. कडेत स्क्रू मारायचाच असेल, तर आधी बारीक भोक पाडावे, नाहीतर थर फाटतात.

क्लॅम्प (शिकंजे) आवळल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत आणि फरक आढळल्यास सरस ओला असतानाच लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प लावून तो हळूहळू आवळत न्यावा.