खाडीवरच्या पुलाला कार्बन शीट चिकटवताना

गर्डरला, म्हणजे पुलाचा रस्ता पेलणाऱ्या तुळईला, बळकटी द्यायला कार्बन धाग्यांची शीट एपॉक्सी या गोंदाने चिकटवतात. ती सुटली की सगळे एपॉक्सीच्या नावाने बोटं मोडतात. सुटलेली शीट उलटी करून बघा, बहुतेक वेळा मागे काँक्रीटचा पातळ पापुद्रा चिकटलेला असतो. म्हणजे एपॉक्सीने धरलं होतं, काँक्रीट फाटलं. गर्डरचं काम आलं की माझा निम्म्याहून जास्त वेळ काँक्रीटवरच जातो, मग मालक कितीही कुरकुरू देत.

आपल्याकडे आधी खारी हवा बघायची. हातोडीने ठोकत जा. बद्द आवाज येईल तिथे आतली सळई गंजून फुगलेली समजा. तेवढं फोडा, सळईच्या मागेपर्यंत मोकळं करा, गंज काढून रिपेअर मॉर्टर भरा. नुसती शीट मारून झाकलंत तर गंज तिला आतून ढकलत राहतो. उघड्या सळईला कार्बन टेकू देऊ नका, खाऱ्या ओलीत ती जास्तच गंजते. 0.3 मिलिमीटरहून रुंद भेगांत एपॉक्सी इंजेक्ट करा. मग ग्राइंडर, वरची सिमेंटची साय जाऊन खडी दिसेपर्यंत. कोपऱ्यांना किमान 13 मिलिमीटर गोलाई द्या.

आता पुल-ऑफ टेस्ट, म्हणजे काँक्रीटचा पृष्ठभाग किती ओढ सोसतो ते बघणं. 50 मिलिमीटर व्यासाची डॉली, म्हणजे धातूची चकती, चिकटवून ओढायची. किमान 1.4 एमपीए यायला हवं, म्हणजे त्या एवढ्याशा चकतीवर साधारण 280 किलोची ओढ. आकड्याइतकंच तुटलं कुठे तेही बघा. काँक्रीटमध्ये तुटायला हवं.

चिऱ्याचे डंपर दिवसभर जातात तिथे खरी परीक्षा. शीटमधला ताण भेगेजवळच्या जेमतेम 100-150 मिलिमीटर पट्ट्यातून काँक्रीटमध्ये उतरतो. चिकटवलेली लांबी त्याहून वाढवली म्हणून पकड वाढत नाही. एकदम बसलेला धक्का काँक्रीट थोडा जास्तच सोसतं, पण तोच भार पुन्हापुन्हा आला की बारीक तडे वाढतात आणि सुटणं भेगेपासून पुढे सरकतं. दुसरी नाजूक जागा म्हणजे शीटचं टोक. ते गर्डरच्या मध्याकडे सोडू नका, आधाराजवळ न्या आणि तिथे यू आकाराचे आडवे पट्टे घाला. किती आणि कुठे, ते डिझायनरकडून लिहून घ्या.

थंडीत खाडीकाठी सकाळी गर्डरला दव असतं. काँक्रीटचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्याच्या, किमान 3 अंश वर येईपर्यंत एपॉक्सीचा डबा उघडूच नका. मग क्रमाने प्राइमर, पुट्टी, रेझिन (म्हणजे एपॉक्सीच), शीट, आणि रोलर धाग्यांच्या दिशेनेच फिरवा. एपॉक्सी पक्कं होईपर्यंत जड वाहनं बंद. यावर वाद होतो, पण कंपनाखाली ओली शीट नीट बसत नाही.

दुसऱ्या दिवशी नाण्याने टकटक करून पोकळ जागा शोधा. 1300 चौरस मिलिमीटरपर्यंतचे तुरळक फुगे चालतात, त्याहून मोठ्यांत रेझिन भरा. फुगा 16,000 चौरस मिलिमीटरच्या वर गेला तर तेवढा भाग कापून नवा तुकडा, पुरेशा ओव्हरलॅपसह. शेवटी उन्हापासून वाचवणारा कोट, मिरगाआधी.