शाळेच्या मैदानावर मध्यान्हीची सावली कशी मोजावी

खगोलशास्त्राची ओळख करून देण्यासाठी शाळेत येणारे पाहुणे बहुधा पडद्यावर दीर्घिकांची चित्रे दाखवतात. पण शाळा दिवसा भरते आणि दिवसा मुलांना दिसणारा तारा एकच, तो म्हणजे सूर्य. सातवी ते नववीच्या वर्गाने त्याचेच मोजमाप घ्यावे. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो दिवस, अधिक गाजतो खरा, परंतु महाराष्ट्रात तो एकदा मे महिन्याच्या सुट्टीत येतो आणि दुसऱ्यांदा पावसाळी ढगांत हरवतो. त्यापेक्षा २० किंवा २१ मार्चचा विषुवदिन, म्हणजे सूर्य विषुववृत्तावर नेमका डोक्यावर येतो तो दिवस, सोयीचा.

दुपारी झाडाची किंवा इमारतीची सावली पडणार नाही अशी सपाट जागा आदल्या दिवशीच हेरून ठेवावी. तेथे १ मीटर उंचीची काठी ओळंबा लावून उभी करावी आणि तिच्या उत्तरेला कागद पसरावा. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे मुलांना आधीच बजावावे.

सव्वाबारा ते एक वाजून दहा मिनिटे या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाचे असल्यामुळे सावलीची कड सेंटिमीटरभर पुसट दिसते. खूण त्या पुसट पट्ट्याच्या मध्यावर करावी. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही, हे मात्र मुलांनाच सापडू द्यावे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे तेथे त्या दिवशी मध्यान्ह १२ वाजून ४२ मिनिटांच्या सुमारास होते.

पुण्यात ही सावली सुमारे ३३ सेंटिमीटर भरते. त्रिकोणमिती न शिकलेल्या मुलांनी १० सेंटिमीटर उंचीचा काटकोन त्रिकोण प्रमाणात काढून काठीच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजावा. तो साधारण १८.५ अंश, म्हणजेच पुण्याचा अक्षांश येतो.

दुसऱ्या गावातील शाळा सोबत मिळाली, तर खरी गंमत येते. कोल्हापुरात सावली ३० सेंटिमीटरच्या, तर धुळ्यात ३८ सेंटिमीटरच्या आसपास येईल. दोन्ही कोनांतील फरक सुमारे ४.२ अंश आणि दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४६७ किलोमीटर. त्रैराशिक मांडले की पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरच्या जवळ निघतो. अंतर नकाशावरच मोजावे, कारण वळणावळणाच्या रस्त्याचे किलोमीटर धरले तर पृथ्वी विनाकारण फुगते.