वाचनालयाची पिशवी: सांगलीतल्या घरांसाठी बारा महिन्यांचा बेत

मुलांनी वाचावं म्हणून पुस्तकांचा गठ्ठा विकत आणणं हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात कमी चालणारा उपाय. विकतचं पुस्तक काय, कधीही वाचता येतं, त्यामुळे ते आज वाचायचं कारणच उरत नाही. वाचनालयाच्या पुस्तकावर परतीची तारीख असते आणि घराला वाचायला बसवते ती तारीखच. म्हणून आधी सभासद व्हा.

सभासद होताना अर्ज, फोटो, पत्त्याचा पुरावा, अनामत रक्कम आणि वर्गणी एवढं लागतं. अनामत परत मिळते, पण ती मागताना पावती विचारतात, म्हणून पावती जपून ठेवा. कार्ड शक्यतो मुलाच्या नावानं काढा आणि काउंटरवर त्यालाच देऊ द्या. बालविभाग किती ते किती उघडा असतो, सुट्टीचा वार कोणता, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, मुदतवाढ फोनवर होते का, हे पहिल्याच दिवशी विचारून दाराला चिकटवा. बरीच घरं वाचनालय सोडतात ती बंद दारावरून दोनदा परत आल्यामुळे.

आठवड्याचा एक वार ठरवा आणि एक पिशवी फक्त याच कामाला ठेवा. वाचून झालेलं पुस्तक लगेच पिशवीत गेलं की शनिवारी पलंगाखाली शोधाशोध होत नाही. निवडीचा नियम साधा: एक पुस्तक मूल निवडेल, एक मोठी माणसं. मुलानं सलग चौथ्यांदा डायनासोर उचलला तरी हरकत घ्यायची नाही. तात्पर्य असलेली बोधकथाच घ्यायचा हट्ट मोठ्यांनी आपल्या वाट्याच्या पुस्तकात पुरवावा. पुस्तक घेताना काउंटरवरच पानं चाळा. फाटलेलं पान, गळालेला फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा), पेनाच्या रेघोट्या दिसल्या तर तिथल्या तिथे दाखवा, म्हणजे भरपाई तुमच्यावर येत नाही.

पुस्तक झेपेल का, हे पाहायला मधलं एखादं पान मुलाला वाचायला द्या. पाचापेक्षा जास्त शब्दांना अडखळलं, तर ते पुस्तक मुलानं वाचायचं नाही, तुम्ही वाचून दाखवायचं. परत ठेवायची गरज नाही, कारण मुलाला ऐकून कळतं ते त्याला वाचून कळण्याच्या दोन-तीन वर्षं पुढे असतं. मराठीत अडखळण्याची जागा बहुधा ठरलेली असते: जोडाक्षरं, त्यातही रफार, ‘ऱ्य’, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना गोष्ट पूर्ण कळते, पण देवनागरी वाचायचा वेग कमी पडतो आणि ती कंटाळतात. त्यांच्यासाठी मोठा टाइप, पानावर चार-पाच ओळी आणि जोडाक्षरं कमी असलेलं पुस्तक घ्या. एक ओळ तुम्ही, एक ओळ मुलानं, असं वाचा आणि ओळीखाली बोट फिरवत राहा. अडलेला शब्द तीन सेकंदांत सांगून टाका. ‘फोड करून वाच बघू’ म्हणालात की गोष्ट तिथेच मेली.

पावसाळा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की संध्याकाळी बाहेर खेळणं बंद होतं. मोठ्यानं वाचून दाखवायला हे चार महिने सगळ्यात सोयीचे. वेळ जेवणानंतरची ठेवा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला आठ-दहा मिनिटं पुरतात, सात-आठ वर्षांचं मूल वीस मिनिटं बसतं. गोष्ट आधी एकदा मनात वाचून घ्या, नाहीतर संवाद कोणाचा आहे हे वाक्य संपल्यावर कळतं आणि वाघोबाचं वाक्य सशाच्या आवाजात जातं. चित्रांचं पुस्तक मुलाच्या डोळ्यांसमोर हवं आणि पान उलटायचा मान त्याचा. दर पानावर ‘हे काय आहे? ते काय आहे?’ विचारणं म्हणजे तोंडी परीक्षा. एकाच ठिकाणी थांबा, जिथे पुढे काय होणार हे खरंच ठरलेलं नाही, आणि तेवढाच एक प्रश्न विचारा.

लाइट गेली तर बॅटरी पेटवून भिंतीवर सावल्यांचा खेळ करा. पुठ्ठ्याची पात्रं कापून झाडूच्या काडीला चिकटवा. बॅटरी भिंतीपासून पाच फुटांवर आणि पात्र भिंतीच्या जवळ धरलं की सावली रेखीव पडते. पात्र बॅटरीकडे नेलं की सावली मोठी होते पण कडा पुसट होतात. राक्षस आणायचा असेल तेव्हा तेच करायचं.

आता भिजलेल्या पुस्तकाचं. पिशवी कापडी असली तरी आत प्लॅस्टिकची पिशवी हवीच. एवढं करूनही पुस्तक भिजलंच, तर उन्हात ठेवू नका आणि इस्त्री फिरवू नका. उन्हात कव्हर वाकतं आणि पानं लाटांसारखी होतात. नुसत्या कडा ओल्या असतील तर पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उघडा आणि पंख्याचा वारा लांबून लागू द्या. ओल जास्त असेल तर दर दहा-पंधरा पानांमागे कोरा टिपकागद किंवा टिश्यू घालून तासातासाला बदला. छापलेलं वर्तमानपत्र घातलंत तर शाई पानावर उतरते. मुलांच्या पुस्तकांत खरा घात होतो तो गुळगुळीत चकचकीत कागदाचा. त्यावरचा लेप ओला असताना विरघळतो आणि वाळताना पानं एकमेकांना कायमची चिकटतात. म्हणून ती ओली असतानाच एकेक पान हलक्या हातानं सुटं करून मध्ये कागद घालायचा. लगेच वेळ नसेल तर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये टाका. ओल्या पुस्तकावर दोन दिवसांत बुरशी धरते, गोठवलं की ती थांबते आणि सवडीनं वाळवता येतं. पुस्तक वाचनालयाचं असेल तर वाळवून गुपचूप ठेवून येऊ नका. ओल राहिलेलं एक पुस्तक शेजारच्या दहांना बुरशी लावतं. काउंटरवर सांगून द्या.

घरातलं कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे हवं. ओल भिंतीतून येते. कसर अंधारात आणि दमटपणात वाढते, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा उघडीप मिळाली की पुस्तकं काढून झटका. डांबराच्या गोळ्या मुलांच्या पुस्तकांत घालू नका. लहान मूल ती गोळी तोंडात घालतं आणि ती विषारी असते.

नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या महापुरात शहरातल्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि पातळी तिशीपुढे सरकायला लागली की वाचनालयाची पुस्तकं वरच्या मजल्यावर किंवा लांबच्या नातेवाइकांकडे हलवा. तेव्हा ती वाचनालयात परत करायची घाई करू नका, तिथे आधीच आवराआवर चाललेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये घरातल्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामाच ठेवलेला बरा.

१२ ऑगस्ट हा भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस, ग्रंथपाल दिन. ग्रंथपालांना आधी विचारून मुलांना पुस्तकांच्या मांडणीतून एक फेरी मारून आणा. पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे कशासाठी, हे तिथेच कळतं. घरी आल्यावर मुलं आपली पुस्तकं तशीच लावायला बसतात, आणि तो उत्साह एक आठवडा टिकतो. टिकू दे.

दिवाळी

वाचनालयांची दिवाळी अंक योजना म्हणजे ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे. बहुतेक घरं ती फक्त मोठ्यांसाठी घेतात. मुलांचे अंकही त्यात असतात, पण प्रती थोड्या आणि मागणी सुट्टीत एकदम. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ते अंक मोकळे मिळतात, मात्र शब्दकोडी तोवर कोणीतरी भरून ठेवलेली असतात. आपल्या मुलाला कोडं वहीत उतरवून सोडवायला सांगा.

त्याहून मजेचं म्हणजे घरचा हस्तलिखित अंक. भावंडं जमलेली असतात, लिहायला विषयही असतात. ए-फोर आकाराचे चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की १६ पानांचा अंक होतो. इथे सगळ्यांची एकच चूक होते: कागद सुटे करून वाटतात आणि प्रत्येक जण आपल्या कागदावर गोष्ट सलग लिहितो. अंक जुळवल्यावर गोष्टीचा शेवट भलत्याच पानावर. म्हणून आधी चारही कागद एकात एक घालून पेन्सिलीनं पानांचे आकडे टाका, मगच सुटे करा. आकडे बरोबर असतील तर कागदाच्या एका बाजूला शेजारी आलेल्या दोन पानांची बेरीज नेहमी १७ येते: १ शेजारी १६, २ शेजारी १५, शेवटी ८ शेजारी ९. सलग मोठं चित्र हवं असेल तर ते ८-९ वरच काढा, अंक उघडल्यावर समोरासमोर येणाऱ्या दुसऱ्या कुठल्याच दोन पानांचा कागद अखंड नसतो.

शिवण अशी. दुमडीवर तीन भोकं पाडा: एक बरोबर मध्यावर, उरलेली दोन वरून आणि खालून तीन-तीन सेंटीमीटर सोडून. खाली जाड पुठ्ठा ठेवून दाभणानं किंवा कंपासच्या टोकानं भोकं पाडता येतात, ते काम मोठ्यांचं. हातभर गोधडीचा दोरा घ्या. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा आणि आत दोऱ्याचं चार बोटं शेपूट सोडा. बाहेरून वरच्या भोकात शिरा, आत आल्यावर मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर पडा, मग बाहेरून पुन्हा मधल्या भोकात आत या. आता आत एक लांब धागा दिसेल. त्याच्या एका बाजूला शेपूट, दुसऱ्या बाजूला सुईचं टोक घेऊन त्याच्यावरूनच गाठ मारा. दुसऱ्यांदा मधल्या भोकातून जाताना सुई आधीच्या दोऱ्यात घुसली तर दोरा ओढून घट्ट होत नाही. तेव्हा उसवून परत घाला, ओढाताण केली की कागद फाटतो.

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, आणि तो सांगलीचाच: १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या आठवड्यात संवाद भरपूर असलेली गोष्ट घ्या, पात्रं वाटा आणि बसल्या जागीच वाचा. पाठांतर नको, पोशाख नको. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला आवाज द्या: दार वाजणं, पाऊस, कुत्रा. ते सगळ्यात मन लावून ऐकतं, कारण त्याची वेळ चुकता कामा नये.

भडंग आणि वाचन एकत्र नको. तेलाचा आणि हळदीचा डाग कागदातून पूर्ण निघत नाही. स्वतःच्या पुस्तकावर तेल सांडलंच, तर वर-खाली टिपकागद आणि मध्ये खडूची पूड घालून रात्रभर वजनाखाली ठेवा. तेल बरंच उतरतं, पिवळा रंग राहतो.

हिवाळा

सहलीचे दिवस. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांतल्या खोल्यांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, बसून वाचायची. एका दिवसात सगळी घरं करायला गेलात तर मुलांना फक्त चालणं आठवेल. बालसाहित्याचं एक घर आणि मुलाच्या आवडीच्या विषयाचं एक, एवढं पुरे. डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर स्ट्रॉबेरीही मिळते, फक्त हात धुतल्याशिवाय पुस्तकाला लावू देऊ नका. औदुंबरला संक्रांतीच्या दिवशी साहित्य संमेलन भरतं. दहा वर्षांखालच्या मुलांना भाषणं झेपत नाहीत. तासभर बसा, कविता ऐका आणि घाटावर जा.

पुस्तकं दुरुस्त करायलाही कोरडी हवा हीच. चिकटपट्टी वापरू नका, दोन-तीन वर्षांत ती पिवळी पडते, गोंद बाहेर येतो आणि शेजारची पानं धरते. एक चमचा मैदा सहा चमचे पाण्यात गुठळी न होऊ देता कालवा आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळत शिजवा. पांढरट रंग जाऊन पारदर्शक झाली की खळ तयार. बाइंडर तीत मोरचूद घालतात. मुलं हात घालणार असतील तर मुळीच घालू नका, ते विष आहे. बिनमोरचुदाची खळ त्याच दिवशी संपवा. पांढऱ्या पातळ पतंगी कागदाची बोटभर रुंद पट्टी कापून न घेता फाडून घ्या, कडा विरळ राहिल्या की जोड दिसत नाही. खळ पातळ लावा, वर-खाली प्लॅस्टिकचा कागद घाला आणि रात्रभर वजन ठेवा. हे फक्त घरच्या पुस्तकांवर करायचं.

उन्हाळा

मे महिन्यात मुलं आजोळी जातात आणि वाचनालयाची साखळी तुटते. निघण्याआधी मुदतवाढ घ्या किंवा पुस्तकं परत करून जा. आजोळी ‘किशोर’चे जुने अंक मोबाइलवर मोफत वाचता येतात. १९७१ पासूनचं हे मासिक बालभारतीचं आहे, आणि आईबाबांनी लहानपणी वाचलेला अंक शोधून काढणं हाच अर्ध्या दुपारचा खेळ होतो.

गल्लीत किंवा सोसायटीत गोष्टीचा तास घ्यायचा असेल तर सकाळी साडेनऊच्या आत घ्या. मुलं जास्तीत जास्त पंधरा, वेळ पाऊण तास. आधी बारा मिनिटांची मोठी गोष्ट, मग एक गाणं, मग छोटी गोष्ट, शेवटी चित्र. चित्र आधी ठेवलंत तर रंग सोडून गोष्टीकडे कोणी वळत नाही. चार वर्षांची आणि दहा वर्षांची मुलं एकत्र असतील तर मोठ्यांना छोटी गोष्ट वाचायचं काम द्या, एक दिवस आधी पुस्तक घरी देऊन. पालकांना मागे बसवा आणि फोटो शेवटी काढायला सांगा. समोर मोबाइल उभे राहिले की मुलं वाचणाऱ्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतात.

शाळा सुरू व्हायच्या आधीच वर्गणी भरून टाका. शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात काउंटरवर गर्दी असते, आणि सुट्टीभर बाहेर राहिलेली पुस्तकंही तेव्हाच परत येतात. तो आठवडा गेला की मांडणी भरलेली मिळते.