व्हिटबीहून यॉर्कला बसने: एका दिवसाच्या सहलीची तयारी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील व्हिटबीहून यॉर्कला जाणारी ८४० क्रमांकाची कोस्टलायनर बस ज्या मार्गाने जाते, तो मार्ग २०१८ साली ब्रिटनमधील सर्वांत निसर्गरम्य बसमार्ग म्हणून निवडला गेला. बस पुढे लीड्सपर्यंत जाते. परंतु सकाळी निघून रात्रीच्या आत व्हिटबीला परतायचे असेल, तर यॉर्कच्या पुढे जाण्याचा मोह आवरलेला बरा. एका बाजूच्या प्रवासालाच दोन तासांहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे यॉर्कमध्ये काय काय पाहायचे याची यादी करण्यापूर्वी परतीची शेवटची बस किती वाजता सुटते, हे पाहून घ्यावे आणि बाकीचा सगळा दिवस त्या वेळेवरून उलटा मोजत आखावा.

व्हिटबीपर्यंत जाणाऱ्या फेऱ्या दिवसभरात मोजक्याच असतात, आणि रविवारचे व सार्वजनिक सुट्टीचे वेळापत्रक निराळे असते. म्हणून कुठल्या तरी जुन्या पानावर मिळालेल्या वेळांवर विसंबू नये. आदल्या दिवशी कंपनीचे चालू वेळापत्रक उघडून, त्याच तारखेच्या वेळा पाहून त्या कागदावर उतरवून घ्याव्यात. फोनमध्ये त्या असतातच, पण दिवसभर छायाचित्रे काढून संध्याकाळी फोन मान टाकतो तेव्हा तो कागदच उपयोगी पडतो. परतीच्या शेवटच्या बसबरोबर तिच्या आधीच्या बसचीही वेळ लिहावी, आधीच्या बसनेच निघायचे असे ठरवावे आणि शेवटची बस राखीव समजावी. दोन्ही चुकल्या तर यॉर्कहून स्कारबरोपर्यंत रेल्वे आणि तिथून एक्स ९३ क्रमांकाच्या बसने व्हिटबी असा वळसा घेता येतो, मात्र त्याही जोडणीच्या वेळा त्याच कागदावर आधीपासून असतील तरच. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: बर्फ पडल्यावर मूरवरचा, म्हणजे वाटेतल्या मोकळ्या पठारावरचा, ए १६९ हा रस्ता कधी कधी बंद होतो, तेव्हा सकाळी निघताना रस्त्याची स्थिती तपासल्याशिवाय बाहेर पडू नये.

तिकिटाचे काम सोपे आहे. इंग्लंडमध्ये सरकारी योजनेखाली सहभागी बससेवांचे एकेरी भाडे जास्तीत जास्त ३ पौंड ठेवलेले आहे. २०२४ अखेरपर्यंत ही मर्यादा २ पौंड होती. ही मर्यादा एका वेळच्या प्रवासाला लागू असल्याने मध्येच पिकरिंगला उतरून पुढची बस धरायची असेल, तर दुसरे तिकीट काढावे लागेल, हे हिशेबात धरावे. पैसे बँकेच्या कार्डाने देता येतात. दोघांचे तिकीट एकाच कार्डावर काढायचे असल्यास कार्ड टेकवण्यापूर्वी चालकाला तसे सांगावे. मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांनी ज्येष्ठ नागरिकांच्या मोफत पासावर भिस्त ठेवू नये, कारण तो इंग्लंडच्या रहिवाशांनाच मिळतो.

आता जागेविषयी, आणि माझ्या मते साऱ्या तयारीत एवढीच बाब थोडा हट्ट धरण्याजोगी आहे. बस दुमजली असते; वरच्या मजल्यावर अगदी पुढची बाके मिळावीत म्हणून थांब्यावर पंधरावीस मिनिटे आधी उभे राहावे. पुढची जागा मिळाली नाही, तर यॉर्ककडे जाताना उजवी बाजू धरावी. स्लाइट्स गाव मागे पडताच ब्लू बँक हा चढ लागतो. पाच मीटर पुढे जावे तेव्हा रस्ता एक मीटर वर चढतो, इतका तो उभा आहे, आणि मागे वळून पाहिल्यास खाली एस्क नदीचे खोरे दिसते. चढ संपला की झाडे जवळजवळ नाहीशी होतात आणि हीदरच्या बुटक्या झुडपांनी झाकलेले मोकळे पठार, म्हणजे मूर, सुरू होते. हा भाग १९५२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. ऑगस्टमध्ये हीदर फुलते तेव्हा पठार जांभळे दिसते. तारीख आपल्या हातात असेल, तर ऑगस्टचा उत्तरार्ध निवडावा. डाव्या हाताला फायलिंगडेल्सच्या लष्करी रडारचा, माथा छाटलेल्या पिरॅमिडसारखा करडा मनोरा दिसतो. त्यानंतर उजवीकडे रस्त्याच्या कडेलाच जमीन एकाएकी खचल्यासारखी दिसते: हाच होल ऑफ हॉर्कम, सुमारे १२० मीटर खोल आणि एक किलोमीटरहून अधिक रुंद खळगा. वेड नावाच्या राक्षसाने बायकोवर फेकण्यासाठी मूठभर माती उचलली आणि हा खळगा पडला, अशी तिथली दंतकथा आहे. प्रत्यक्षात उतारावरच्या झऱ्यांनी हजारो वर्षे पायथा पोखरल्याने तो तयार झाला. बस इथे कोणासाठी रेंगाळत नाही, म्हणून कॅमेरा पिशवीत न ठेवता हातात असावा, आणि काचेवरचे प्रतिबिंब टाळण्यासाठी भिंग काचेला टेकवून धरावे.

ज्यांना बस लागते त्यांनी मात्र वरच्या मजल्याचा हट्ट सोडून खाली पुढे बसावे, गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी आणि न्याहारी हलकी ठेवावी. बसमध्ये स्वच्छतागृह नसते, तेव्हा ते काम व्हिटबीतच उरकून घ्यावे.

कपडे एकावर एक चढवता-उतरवता येतील असे असावेत. व्हिटबीच्या धक्क्यावर समुद्रावरून आलेले धुके, ज्याला तिथले लोक सी फ्रेट म्हणतात, भर उन्हाळ्यातही दाटते. मूरवर वारा असतो आणि यॉर्कमध्ये ऊन असू शकते. सकाळी बंदर दिसत नाही म्हणून सहल रद्द करू नये. किनाऱ्यापासून आत गेल्यावर बहुतेकदा आभाळ मोकळे मिळते. छत्रीपेक्षा टोपीचे जलरोधक जाकीट बरे.

शाकाहारी प्रवाशांनी खाण्याची थोडी सोय सोबत ठेवावी. यॉर्कशरमधील अनेक दुकानांत बटाट्याचे चिप्ससुद्धा (म्हणजे गरम, जाड फ्राइज) गोमांसाच्या चरबीत तळण्याची रीत आहे, त्यामुळे तेलात तळले आहे का, हे विचारल्याशिवाय मागवू नये.

यॉर्कसाठीची यादी आखूड असावी. रोमन लोकांनी इ. स. ७१ मध्ये वसवलेले, ३०६ साली कॉन्स्टंटाइन जिथे सम्राट म्हणून घोषित झाला आणि ८६६ मध्ये व्हायकिंगांनी जिंकलेले हे शहर चारपाच तासांत पुरे पाहणे शक्य नाही. तिकिटाचे एकच ठिकाण निवडावे. माझा कौल यॉर्क मिन्स्टरला. १२२० ते १४७२ एवढा काळ बांधल्या गेलेल्या या कॅथीड्रलमध्ये पूर्वेची भव्य रंगीत काचखिडकी १४०८ मध्ये पूर्ण झाली, आणि तिच्यासमोर बसायलाच अर्धा तास हाताशी हवा. तिकीट घरूनच ऑनलाइन काढावे. रविवारी प्रार्थनांमुळे पर्यटकांना दुपारनंतरच प्रवेश असतो, म्हणून शक्यतो तो वार टाळावा. मनोऱ्याच्या २७५ पायऱ्या चढायच्या की नाहीत, याचा निर्णय गुडघ्यांना विचारून घ्यावा, शिवाय परतीच्या घड्याळालाही.

रेल्वे स्थानकाच्या थांब्यावर उतरल्यास समोरच शहराची जुनी तटबंदी आहे. तिच्यावर चढून लेंडल पुलाच्या दिशेने चालावे, मिन्स्टर सारखे समोर दिसत राहते. पैसे लागत नाहीत. काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही आणि पायऱ्या अरुंद आहेत, म्हणून पकड असलेले बूट हवेत आणि बाबागाडी नको. अंधार पडताच दरवाजे बंद होतात. डिसेंबरमध्ये पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा त्या महिन्यात तटबंदी आधी आणि मिन्स्टर नंतर असा क्रम ठेवावा. मुले सोबत असतील, तर मिन्स्टरऐवजी राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय धरावे: प्रवेश विनामूल्य आहे, स्थानकापासून पायी जाता येते आणि १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा विक्रम करणारे मॅलर्ड हे वाफेचे इंजिन तिथेच आहे.

उतरल्या उतरल्याच रस्ता ओलांडून परतीचा थांबा प्रत्यक्ष पाहून ठेवावा. स्थानकासमोर अनेक थांबे आहेत आणि परतीची बस सकाळच्याच थांब्यावरून सुटेल असे नाही. फलकावर ८४० हा क्रमांक आणि व्हिटबी हे नाव दोन्ही वाचून घ्यावे, कारण कोस्टलायनरच्याच ८४३ क्रमांकाच्या बसमध्ये बसल्यास ती स्कारबरोला नेऊन सोडते.