गरोदरपणात क्रूझवर जाताना या चुका टाळा

कोल्हापूरला समुद्र नसला तरी तो फार लांबही नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालेले प्रवासी सकाळी मुंबईत उतरतात आणि तिथल्या बॅलार्ड पियरवरून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपच्या क्रूझवर चढू शकतात. सिंगापूरला जाऊन तिथून मलेशिया-थायलंडची क्रूझ घेणारी जोडपीही आता इथल्या टूर एजंटांना नवी राहिलेली नाहीत. त्यातच पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्यापूर्वी नवराबायकोने चार दिवस एकत्र घालवावेत, ही इच्छा रास्तच आहे. गरोदरपण निर्धोक असेल आणि योग्य आठवडे निवडले असतील, तर डॉक्टर अशा प्रवासाला सहसा हरकत घेत नाहीत. अडचणी येतात त्या बहुतेक वेळा नियम अर्धवट वाचल्यामुळे आणि जहाजावर कोणते उपचार होऊ शकत नाहीत, याचा विचार न केल्यामुळे.

महिन्यांचा हिशेब आणि चढण्याची तारीख

आठवड्यांऐवजी महिने मोजणे आणि फक्त चढण्याची तारीख पाहणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, एमएससी, डिस्ने यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी गरोदर प्रवाशांसाठी मर्यादा आखली आहे ती 24 व्या आठवड्याच्या आसपास, आणि ती मोजली जाते सफरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत. जहाजावर चढताना 23 वा आठवडा चालू आहे म्हणून निश्चिंत राहिलेली स्त्री सात रात्रींच्या सफरीत मर्यादेपलीकडे जाऊ शकते आणि त्यामुळे तिला पहिल्याच दिवशी धक्क्यावरून परत पाठवले जाऊ शकते.

घरात मात्र हिशेब महिन्यांनी चालतो. ‘अजून सहावाच चालू आहे’ असे सासूबाई म्हणतात तेव्हा त्यांच्या मोजणीत 22 पासून 26 आठवड्यांपर्यंतचा कोणताही दिवस बसू शकतो, म्हणजे मर्यादेची रेषा नेमकी त्या सहाव्या महिन्याच्या मध्यातून जाते. म्हणून मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, आठवडे आणि दिवस अशीच करावी. समजा, ती तारीख 1 सप्टेंबर आहे. तर 24 आठवडे, म्हणजे 168 दिवस, 16 फेब्रुवारीला पूर्ण होतात. पण 23 आठवडे 9 फेब्रुवारीलाच पूर्ण होऊन त्या दिवशी 24 वा आठवडा सुरू होतो. ‘24 आठवडे पूर्ण झालेले नसावेत’ आणि ‘24 वा आठवडा सुरू झालेला नसावा’ या दोन वाक्यांत सात दिवसांचा फरक आहे आणि वेगवेगळ्या कंपन्यांची शब्दरचना वेगवेगळी असते. एजंटने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये. आपण ज्या कंपनीच्या जहाजाने जाणार आहोत तिचा सध्याचा नियम लेखी मागवावा आणि परतीच्या तारखेला आपले किती आठवडे व किती दिवस होतात, ते त्याच्याशी ताडून पाहावे.

पाळी अनियमित असल्यास पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून ठरलेली तारीख ग्राह्य धरली जाते. पाळीची आणि सोनोग्राफीची तारीख जुळत नसेल, तर दोन्हींपैकी आपल्याला सोयीची तारीख निवडू नये. कोणती धरायची, हे डॉक्टरांनी ठरवावे आणि तीच सर्व कागदांवर यावी.

आपल्याकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात होते. ‘डोहाळजेवण उरकले की निघू’ असा बेत करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तोवर क्रूझची मर्यादा उलटून गेलेली असते. जायचेच असेल तर सफर आधी आणि डोहाळजेवण नंतर, एवढाच क्रम जमू शकतो.

विमानाचा नियम जहाजाला लावणे

विमान कंपन्या साधारणपणे 32 ते 36 आठवड्यांपर्यंत, काही टप्प्यांनंतर डॉक्टरांच्या दाखल्यासह, प्रवास करू देतात. त्यामुळे ‘विमानात चालते, मग बोटीत का नाही?’ हा प्रश्न स्वाभाविक वाटतो. त्याचे उत्तर अंतरात आणि वेळेत आहे. विमान काही तासांत कुठेतरी उतरते. जहाज मात्र एक-दोन दिवस किनाऱ्यापासून दूर असू शकते. जहाजावरच्या दवाखान्यात डॉक्टर आणि परिचारिका असतात, ताप, जखम, उलट्या, हृदयविकाराचा झटका अशा प्रसंगी प्राथमिक उपचारही होतात. पण स्त्रीरोगतज्ज्ञ, सिझेरियनची सोय, रक्तपेढी आणि नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग यांची तिथे अपेक्षा धरता येत नाही. साधारण 24 आठवड्यांच्या सुमारास जन्मलेले बाळ जगण्याची शक्यता निर्माण होते, परंतु ती केवळ अशा अतिदक्षता विभागातच. मर्यादा त्याच सुमारास का आखली आहे, ते यावरून स्पष्ट व्हावे. ही अट आडमुठेपणाची नाही आणि ओळखीने किंवा विनंतीने ती शिथिल करून घेण्याचा प्रयत्न कोणी करू नये, असे मला अगदी मनापासून वाटते.

हेलिकॉप्टर बोलावता येईल, या भरवशावरही राहू नये. भारतीय तटरक्षक दल समुद्रातून रुग्णांना बाहेर काढण्याचे काम करते हे खरे, परंतु हवामान, अंतर आणि रात्रीची वेळ यांच्यापुढे त्यालाही मर्यादा असतात. शिवाय रक्तस्राव होत असलेल्या गरोदर स्त्रीला दोराने वर खेचून घेणे हे स्वतःच जोखमीचे असते.

गरोदरपण लपवणे

पोट अजून दिसत नाही, मग सांगायचे कशाला, असा सल्ला कधीकधी नातेवाईकच देतात. चढण्यापूर्वी भरायच्या आरोग्याच्या अर्जात गरोदरपणाविषयी विचारलेले असते. तिथे खोटी माहिती दिली आणि ती उघड झाली, तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो, पैसे परत मिळण्याचा हक्कही बहुधा जातो. त्याहून गंभीर बाब म्हणजे तब्येत बिघडल्यावर जहाजावरच्या डॉक्टरांना चुकीच्या माहितीवर औषध द्यावे लागते.

डॉक्टरांकडून एका ओळीचा दाखला आणणे

‘प्रवासास हरकत नाही’ एवढ्याच मजकुराची चिठ्ठी धक्क्यावर अपुरी ठरू शकते. दाखला लेटरहेडवर आणि इंग्रजीत असावा, त्यातील नाव पासपोर्ट किंवा आधारशी तंतोतंत जुळावे. लग्नानंतर बदललेले नाव इथे हमखास अडचण करते, कारण फाइल सासरच्या नावाने आणि पासपोर्ट माहेरच्या नावाने असतो. प्रसूतीची अपेक्षित तारीख, सफरीच्या पहिल्या व शेवटच्या दिवशीचे आठवडे, गर्भ एक की जुळे, गुंतागुंत नसल्याचा उल्लेख, प्रवासास योग्य असल्याचे स्पष्ट मत, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का आणि तारीख हे सारे त्यात हवे. काही कंपन्या दाखला अलीकडच्या तारखेचा मागतात, म्हणून बुकिंगच्या वेळी एक आणि निघण्याच्या आठवड्यात तपासणी करून दुसरा घेणे इष्ट.

डॉक्टरांना ‘जाऊ का?’ एवढेच विचारून उठू नये. कोणते बंदर, समुद्रात सलग किती दिवस, किनाऱ्यावर कोणती रुग्णालये, हे त्यांच्यासमोर ठेवावे. 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास होणारी गर्भाच्या व्यंगाची सोनोग्राफी होऊन तिचा अहवाल हाती आल्यावरच निघावे, कारण वार खाली असल्याचे किंवा गर्भाशयाचे तोंड आखूड असल्याचे अनेकदा तेव्हाच कळते. जुळी, आधीची अपुऱ्या दिवसांची प्रसूती, वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, या गरोदरपणात झालेला रक्तस्राव, यांपैकी काहीही असेल तर सफर पुढे ढकलणेच शहाणपणाचे. रक्तगट निगेटिव्ह असलेल्या स्त्रियांनी आणखी एक गोष्ट विचारून ठेवावी: रक्तस्राव झाल्यास 72 तासांच्या आत लागणारे अँटी-डी इंजेक्शन (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ न देणारे) त्या मार्गावर कुठे मिळेल?

बोट लागू नये म्हणून मेडिकलमधून गोळी घेणे

करूळ किंवा आंबोली घाटात गाडी लागते म्हणून घेतलेली गोळी गरोदरपणात तशीच घेऊ नये, आणि कानामागे लावायची पट्टी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच लावू नये. उलट्यांवर गरोदरपणात देता येतील अशी औषधे आहेत. ती नावानिशी लिहून घेऊन, नेहमीच्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांसह, हातातल्या बॅगेत ठेवावीत. मोठी बॅग खोलीत पोचायला संध्याकाळ होते. खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घेतली तर हेलकावे कमी जाणवतात. पावसाळ्यात खवळलेल्या अरबी समुद्रावरची सफर टाळावी.

दिवसभर उलट्या होऊन पाणीही टिकत नसेल आणि लघवी कमी व गडद होत असेल, तर खोलीत पडून न राहता जहाजाच्या दवाखान्यात जावे. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस जहाजांवर पसरतो. त्यावर सॅनिटायझरचा पुरेसा उपयोग होत नसल्याने जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. बुफेतील कच्चे मासे, अर्धे कच्चे अंडे-मांस आणि पाश्चरायझेशन न केलेल्या दुधाचे चीज वर्ज्य समजावे. गरम पाण्याचा टब आणि सौना यांच्यामुळे शरीराचे तापमान वाढते, म्हणून तेही नकोत.

किनाऱ्यावरच्या सहली आणि वाटेतला प्रवास

लक्षद्वीपला मोठी जहाजे थेट धक्क्याला लागत नाहीत. प्रवाशांना उघड्या समुद्रात लहान बोटीत उतरावे लागते. लाटांवर हलणाऱ्या त्या दोन बोटींमधली पायरी गरोदर स्त्रीने टाळलेलीच बरी, आणि स्कूबा डायव्हिंग तर गरोदरपणात पूर्णपणे निषिद्ध आहे. सिंगापूर-थायलंडकडे जाणाऱ्यांनी डासांपासून स्वतःला जपावे, कारण त्या भागात डेंग्यूबरोबर झिकाही आढळतो आणि झिकामुळे गर्भाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

कोल्हापूर ते मुंबई हा रस्त्याने सात-आठ तासांचा प्रवास आहे. गरोदरपणात पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो, तेव्हा दर दोन तासांनी गाडी थांबवून चालावे आणि पाणी पीत राहावे. रेल्वेत गरोदर महिलांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे, तो तिकीट काढतानाच मागावा. जहाज ज्या दिवशी सुटणार त्याच दिवशी मुंबईत पोचण्याचा बेत करू नये. एक रात्र आधी पोचून विश्रांती घ्यावी.

विमा पाहिला नाही तर

प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसींत गरोदरपण आणि प्रसूतीचा खर्च वगळलेला असतो. काहींत केवळ अनपेक्षित गुंतागुंत, तीही ठरावीक आठवड्यांपर्यंतच, समाविष्ट असते. घरच्या आरोग्य विम्याचे कॅशलेस कार्ड जहाजावर चालत नाही, तिथले बिल प्रवासी स्वतः भरतो. परदेशी बंदरात उपचारांसाठी उतरावे लागले तर रुग्णालय, हॉटेल आणि नवीन विमान तिकीट हा सगळा खर्च अंगावर येतो. म्हणून पॉलिसीतील वगळलेल्या बाबींचे पान आधी वाचावे.

अडचण उद्भवलीच तर

रक्तस्राव, पाणी जाणे, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, तीव्र डोकेदुखी, नजर अंधुक होणे, चेहऱ्यावर अचानक सूज, एका पायात दुखरी सूज किंवा ताप यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता जहाजाच्या दवाखान्याला फोन करावा. फाइलची प्रत, सोनोग्राफीचे अहवाल आणि माता व बाल संरक्षण कार्ड हाताशी असावे. त्यांचे फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्येही ठेवावेत, कारण समुद्रात इंटरनेटचा भरवसा नसतो.

बुकिंग झाल्यानंतर दिवस गेल्याचे कळले आणि परतीची तारीख मर्यादेपलीकडे जात असेल, तर शेवटपर्यंत थांबू नये. रद्द करण्याचे शुल्क सफर जवळ येईल तसे वाढत जाते, मात्र वैद्यकीय दाखल्यासह लवकर कळवल्यास काही कंपन्या तारीख बदलून देतात किंवा रक्कम पुढील सफरीसाठी राखून ठेवतात. हा अर्ज एजंटमार्फत तोंडी न करता कंपनीला ई-मेलने करावा आणि लेखी उत्तर येईपर्यंत रेल्वेची व विमानाची तिकिटे काढू नयेत.